क्रुगर नाही, मडिक्वे

जोहान्सबर्ग

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्हाला नको असलेली बातमी आधी सांगते. तुम्ही ऑगस्टमध्ये इकडे याल तेव्हाच्या जंगल-सहलीसाठी क्रुगर नॅशनल पार्कचं बुकिंग केलेलं नाही. त्याऐवजी दोन रात्री पिलानेसबर्ग आणि चार रात्री मडिक्वे, अशी दोन लहान अभयारण्यं ठरवून पैसेही भरले आहेत. दादाला माहीत आहे. त्याला बोलू नका, तुमच्यापाशी विषय काढू नकोस असं त्याला मीच बजावलं होतं. तुमच्या टेबलाच्या काचेखाली क्रुगरचा तो नकाशा किती वर्षं आहे हे मला ठाऊक नाही असं नाही. म्हणून कारणं नीट लिहिते, सावकाश वाचा.

पहिलं कारण मलेरिया. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. हिवाळ्यात, म्हणजे इकडे जून ते ऑगस्ट, धोका बराच कमी असतो, पण शून्य नसतो. शिवाय इकडचा मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. आपल्याकडे बऱ्याच जणांना होतो तो व्हायव्हॅक्स. फाल्सिपेरम त्यापेक्षा घातक, आणि उपचाराला दोन दिवस उशीर झाला तरी महागात पडतो. प्रतिबंधक गोळ्या असतात. डॉक्सिसायक्लिन जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घेतली की झालं. पण या दोन्हींनी तुमच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा, वॉरफरिनचा, परिणाम वाढू शकतो, म्हणजे रक्त जास्त पातळ होऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वर जाऊ शकतो. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर तुमचा आयएनआर जागेवर यायला किती महिने लागले ते आईला विचारा. तो मी सिंहासाठी हलवणार नाही. आणि पुण्याला परतल्यावर ताप आला तर आधी डेंग्यू, मग व्हायरल, असं करत सगळे बसणार. आफ्रिकेतून आल्याचं डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायला हवं, आणि तुम्ही ते शेवटच्या वाक्यात सांगाल.

मडिक्वे आणि पिलानेसबर्ग दोन्हीकडे मलेरिया नाही. गोळ्यांचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं कारण अंतर. क्रुगर सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. बफर धरून आपलं ताडोबा सतराशेच्या आसपास. इथून मलेलाने गेटपर्यंत पाच तास, आणि आत शिरल्यावर डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४० ची मर्यादा. स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं हे क्रुगरचं मोठं सुख. पण त्यात दिवसाचे सात-आठ तास बंद गाडीत बसणं आलं, आणि ठरावीक जागा सोडून कुठेही खाली उतरायला परवानगी नाही. कॅम्पचं फाटक संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होतं. वाटेत हत्तींचा कळप आडवा आला आणि उशीर झाला तरी दंड चुकत नाही. आईचे गुडघे आणि तुमची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, दोन्हींना हे झेपणारं नाही. सिंह दिसला की तिथे वीस-पंचवीस गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि पुढच्या गाडीच्या टपावरून शेपटीचं टोक बघावं लागतं. घाईच्या टूरमधून एका रात्रीसाठी क्रुगरला जाऊन आलेले लोक नाराज होऊन परततात ते याच कारणानं. त्यात क्रुगरचा काही दोष नाही. त्या जंगलाला पाच-सहा दिवस द्यायला हवेत, आणि ते निवांत देता येतील अशा तब्येतीनं यायला हवं.

मडिक्वेत बाहेरच्या गाड्यांना दिवसापुरतं येऊ देत नाहीत. लॉजमध्ये राहणाऱ्यांच्याच गाड्या असतात आणि एका प्राण्याजवळ साधारण तीनच थांबतात, बाकीच्या दूर उभ्या राहून पाळीची वाट बघतात. खास काही दिसलं तर गाइड रस्ता सोडून झुडपांतून गाडी नेतो. तुम्हाला ज्या निवांतपणे बघायला आवडतं, ते इथे मिळेल.

आणि हे जंगल दुय्यम आहे असं मनात आणू नका. १९९१ मध्ये रिझर्व्ह झालं तेव्हा इथे गुरं चारून चारून उजाड झालेली शेतं होती. त्या जमिनीवर गुरं पाळण्यापेक्षा वन्यप्राणी ठेवले तर आसपासच्या लोकांना जास्त रोजगार मिळेल, असा हिशोब मांडून सरकारनं निर्णय घेतला. ७५० चौरस किलोमीटरला कुंपण घातलं आणि पुढच्या सहा-सात वर्षांत आठ हजारांहून जास्त प्राणी, २८ जातींचे, ट्रकमधून आणून सोडले. ऑपरेशन फिनिक्स त्याचं नाव. उत्तरेचं कुंपण म्हणजे थेट बोत्सवानाची हद्द.

पिलानेसबर्गची एक हकिगत तुमच्यासाठी राखून ठेवली होती. ते रिझर्व्ह १९७९ चं. एका फार जुन्या, विझलेल्या ज्वालामुखीच्या वर्तुळाकार डोंगररांगांत वसलेलं. सुरुवातीला तिथे क्रुगरमधून हत्तींची पोरकी पिल्लं आणली, कारण मोठे हत्ती हलवायची सोय तेव्हा नव्हती. ती पिल्लं मोठी झाली आणि १९९० च्या दशकात त्यातले तरुण नर गेंडे मारू लागले. चाळीसहून जास्त गेंडे गेले. हे नर वयाच्या फार आधी माजावर येत होते आणि माज उतरतही नव्हता, कारण त्यांना दाबात ठेवणारा एकही वडीलधारा नर कळपाच्या आसपास नव्हता. १९९८ मध्ये क्रुगरहून सहा मोठे नर आणले. तरुणांचा माज ओसरला आणि गेंडे मरायचे थांबले. मडिक्वेत मात्र झिंबाब्वेतून हत्ती आणले ते सबंध कुटुंबासकट. दोन्हीकडचे हत्ती एकाच सहलीत बघायचे आहेत म्हणून हा क्रम लावला आहे. शिवाय जोहान्सबर्ग ते मडिक्वे सलग चार-साडेचार तास बसायचं, तेही शेवटी कच्च्या रस्त्यावर, त्यापेक्षा मध्ये पिलानेसबर्गला टेकलात की आईची कंबर धरणार नाही.

आता तुमचा हिरमोड होऊ नये म्हणून काय दिसणार नाही तेही आत्ताच सांगते. क्रुगरच्या साबी नदीसारखी भरल्या पाण्याची नदी इथे नाही. पाणघोडे पिलानेसबर्गच्या मांक्वे धरणात बघून घ्या. बिबट्या आहे, पण लाजरा. दिसला तर नशीब. त्या बदल्यात मडिक्वे रानकुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. ऑगस्टअखेर पिल्लं बिळातून निघून मोठ्यांबरोबर धावायला लागलेली असतात. आई, जांभळ्या छातीचा रोलर झुडपाच्या शेंड्यावर बसलेला दिसेल, आपल्या दसऱ्याच्या नीलकंठाच्याच कुळातला. तू एकदा बघितलास की सिंह विसरशील.

महिना ऑगस्टअखेरचा धरला आहे. जून-जुलैत पहाट फार बोचरी असते, ऑक्टोबरपासून उकाडा आणि मागोमाग पाऊस. ऑगस्टमध्ये गवत वाळून बसलेलं असतं, डबकी आटलेली असतात, त्यामुळे प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. गणपतीच्या आधी तुम्ही घरी असाल. आरास दादा-वहिनी बघतील, फक्त उकडीच्या मोदकांचं पीठ आई आल्यावर करेल असं ठरलं आहे.

श्रावणी सोमवार तिथे येतो, ते माझ्या लक्षात आहे. लॉजला कळवलं आहे: त्या दिवशी उकडलेले बटाटे, रताळी, दही, फळं. एरवीसाठी नुसतं शाकाहारी असं लिहून भागत नाही, इथे त्यात मासे किंवा कोंबडीही बसू शकते. म्हणून मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही असं एकेक करून लिहिलं आहे. मक्याच्या पिठाचं ‘पाप’ नावाचं इकडचं रोजचं खाणं मिळेल, घट्ट उकडीसारखं लागतं. त्यावर बीन्स-टोमॅटोची तिखट चकालाका. बाबांना आवडेल. येताना पेढे, तूप, मध, ताजी फळं, कसल्याही बिया बॅगेत घालू नकोस, विमानतळावर काढून घेऊ शकतात. कारखान्यातून सीलबंद आलेला चिवडा, खाकरा, राजगिऱ्याची चिक्की चालेल. आणि खोलीत खायचं उघडं ठेवायचं नाही, दार नुसतं ओढून घ्यायचं नाही, कडी लावायची. बबून माकडं कडी नसलेलं दार सहज उघडतात. अंगणात आलीच तर हातातलं खाऊ घालायचं नाही, आई. चटावलेलं माकड माणसाच्या अंगावर यायला लागलं की शेवटी त्यालाच गोळी घालावी लागते.

दिवस असा जातो. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, चहा आणि कडक टोस्ट, सहाला गाडी. दहाच्या आत परत, भरपेट नाश्ता-जेवण, दुपारी आडवं व्हायचं. साडेतीनला चहा, चारला पुन्हा गाडी, अंधार पडल्यावर सर्चलाइट लावून परत. अंधारात खोलीतून एकटं निघायचं नाही. फोन केला की माणूस न्यायला येतो. कॅम्पला बऱ्याचदा कुंपण नसतं, हत्ती वाटेवर उभा असू शकतो. बाबा, दोन पावलांवर तर आहे असं म्हणून निघू नका.

गाडी उघडी लँड क्रूझर, मागे चढत्या तीन रांगा. सगळ्यांत मागची रांग उंच, तिथून छान दिसतं म्हणून लोक तिकडे धावतात. पण ती मागच्या चाकांवर येते, आणि एसटीच्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं होतं. तुम्ही ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसा. चढायला सोपी, धक्के कमी, आणि गाइड काय सांगतो ते बाबांच्या उजव्या कानाला ऐकू येईल. चढताना दांडी धरून आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. लॉजकडे छोटं स्टूल मागितलं आहे, तरी रोज आठवण कर.

मडिक्वेत गाडी फक्त तुमच्यासाठी घेतली आहे. खर्च विचारू नका, सांगणार नाही. सहा अनोळखी माणसं गाडीत असली की आई पोटात कळ आली तरी बोलत नाही, पचमढीला काय झालं ते आपण तिघांनीही बघितलं आहे. स्वतःची गाडी असली की कंटाळा आला, थंडी वाजली, कंबर धरली, कधीही मागे फिरता येतं. लघवीला लागली की गाइडला सरळ सांगायचं. तो आधी झुडपामागे जाऊन बघून येतो, मग जागा दाखवतो. त्यांना याची पूर्ण सवय असते. बाबा, सकाळची पाण्याची गोळी नाश्त्यानंतर घेतली तर चालेल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. न विचारता वेळ बदलू नका. आणि पाणी पिणं कमी करणं हा त्यावर उपाय नाही.

वॉरफरिनचं वेगळं सांगते. इथलं घड्याळ साडेतीन तास मागे. तुम्ही रात्री आठला घेता, तेव्हा इथे दुपारचे साडेचार असतात आणि तुम्ही गाडीत असाल. त्यामुळे इथल्या रात्री आठला, जेवणाआधी घ्यायची, असं मी सुचवते आहे. डॉक्टरांकडून हो म्हणवून घ्या. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन नाही. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, दहा दिवसांची जास्तीची, आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी. लॉजमधली सॅलडं हिरवीगार असतात, आणि हिरव्या पाल्यानं आयएनआर हलतो. पालेभाजी घरी खाता तेवढीच खा, एकदम वाढवू नका आणि सोडूही नका.

जोहान्सबर्ग महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे, सतराशे मीटरच्या पुढे, आणि हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की धडधाकट माणसाच्या नाकातूनही रक्त येतं. तुम्ही आलात की पहिल्या रात्रीपासून झोपताना नाकपुड्यांत आतून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, दिवसा मिठाच्या पाण्याचे थेंब. रक्त आलंच तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचा, मध्ये सोडून बघायचं नाही. झुडपांतून गाडी जाते तेव्हा काटेरी फांद्या आत येतात. बोटभर लांब पांढरे काटे, शेजारी छोटे आकडे, शर्टाला धरले की सोडत नाहीत. कोपर बाहेर ठेवायचं नाही, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, आणि फांदी आली की मान खाली. हातानं ढकलायला जाऊ नका.

कपडे कांद्यासारखे सोलत जायचे आहेत. सकाळी थर्मल, स्वेटर, वाऱ्याचं जाकीट, हातमोजे, माकडटोपी. लाजू नका, उघड्या गाडीत वाऱ्यामुळे आठ अंश शून्यासारखे वाटतात. गाडीत घोंगडी मिळते, बहुतेक गरम पाण्याची पिशवीही. दहाच्या सुमारास ऊन तापतं, तेव्हा साधा शर्ट आणि टोपी. निळा रंग नको असं नेटवर वाचाल. ते त्से-त्से माशीसाठी, आणि ती माशी या भागात नाही. आई, तुझा निळा स्वेटर घे. दुर्बीण मी देणार आहे, ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापटीची हातात थरथरते. गाडीत उभं राहायचं नाही, मोठ्यानं हाका मारायच्या नाहीत. प्राण्यांना गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो. कुणी उठलं की तो आकार मोडतो आणि सिंह एकदम मान वळवतो. हत्तीच्या डोळ्यामागून ओघळ वाहत असेल, मागचे पाय ओले असतील, तर तो माजावर आहे. गाइड गाडी मागे घेईल, त्याला अजून थोडं पुढे जाऊ या असं म्हणू नका. आणि बाबा, गेंड्याचे फोटो तिथूनच ग्रुपवर टाकू नका, फोनचं लोकेशन आधी बंद करा. शिकारी तेच शोधत असतात.

विमान दुबईमार्गे घेतलं आहे. नैरोबी आणि अदिस अबाबाचं स्वस्त होतं, पण त्या देशांत पीतज्वर आहे. विमान चुकून तिथला थांबा बारा तासांच्या वर गेला तर इथे लशीचा दाखला मागतात, आणि साठीनंतर ती लस पहिल्यांदा घेण्यात जोखीम जास्त असते. दुबईत व्हीलचेअर दोघांसाठी सांगितली आहे. आई, नको म्हणू नकोस. तिथे एका गेटवरून दुसऱ्यावर जायला वीस मिनिटं सहज लागतात, आणि ते गुडघे मला ताजे हवे आहेत. विमानात दर तासाला पावलं वर-खाली हलवायची, बाबांना हलवायला लावायचं. विमा आधीपासूनचे आजार धरून काढला आहे, विमानानं हलवायची वेळ आली तर तोही खर्च त्यात बसतो. मडिक्वेजवळ मोठं हॉस्पिटल नाही म्हणून हे. घाबरायचं कारण नाही, लॉजची धावपट्टी जवळ आहे.

बाबा, क्रुगर कायमचं रद्द केलेलं नाही. आयएनआर वर्षभर स्थिर राहिला आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तर पुढच्या जुलैत बघू. तोवर रागावलात तरी चालेल, पण फोन घ्या. लहानपणी तुम्ही पेशवे पार्कात मला खांद्यावर घेऊन पिंजऱ्यांच्या मागच्या बाजूनं न्यायचात, प्राण्यांना त्रास नको म्हणून. यंदा पिंजराच नसलेली जागा मला तुम्हाला दाखवायची आहे.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: दोघांचे पासपोर्ट काढून व्हिसासाठी दोन कोरी पानं आहेत का बघा आणि परतीच्या तारखेनंतर किमान महिनाभराची मुदत आहे ना ते तपासा. पायऱ्या चढायचा सराव रोज, आई, जिना नसेल तर ओट्याजवळच्या स्टुलावर, कठडा धरून दहा वेळा. बाबांचा आयएनआर निघायच्या आठवडाभर आधी पुन्हा करायचा आहे, पण आत्ताचाही मला हवा. शनिवारी रिपोर्ट आला की फोटो काढून पाठवा, आकडा फोनवर सांगू नका.

तुमची,
धाकटी